वानगीचं कूळ

१९७८ सालचे शेवटचे दोन दिवस. केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत पूर्व लंडनची काही पोरं चार गाणी ध्वनिमुद्रित करत होती. बँडचं नाव आयर्न मेडन. खिशातले दोनशेएक पौंड स्टुडिओच्या भाड्यातच संपले आणि मास्टर टेप, म्हणजे जिच्यावर मूळ ध्वनिमुद्रण असतं ती रुंद फीत, सोडवून घ्यायला काही उरलं नाही. पैसे जमवून परत येऊ, असं ठरवून ते गेले. परत आले तोवर ती फीत पुसून दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला लागली होती. हाती राहिली ती जाताना कॅसेटवर उतरवून घेतलेली प्रत.

पुढे हा बँड जगभर गाजला आणि फुटबॉलच्या मैदानांवर गायला. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचं मूळ मात्र तेव्हापासून अस्तित्वात नाही.

अशा ध्वनिमुद्रणाला डेमो म्हणतात. ‘डेमॉन्स्ट्रेशन’चं हे आखूड रूप. मराठीत याला नेमका शब्द आहे, वानगी. पोत्यात हात घालून मूठभर धान्य काढायचं, आडत्याच्या तळहातावर ठेवायचं आणि भाव विचारायचा. ती मूठ विकायची नसते, तिचं काम सौदा पटेपर्यंतच. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांसमोर ठेवायची, पबच्या मालकाला ऐकवायची, एवढ्यासाठीच डेमो करत. सौदा झाला की खरं पीक निघायचं ते चांगल्या स्टुडिओत, चांगल्या यंत्रांवर. डेमो मग कपाटात पडून राहायचा, नाहीतर त्याच्यावरच क्रिकेटची कॉमेंटरी टेप व्हायची. हेवी मेटलच्या भूमिगत जगात मात्र ही वानगीच पीक ठरली. ते कसं घडलं याची ही कथा आहे.

तिचा मूळ पुरुष संगीतातला नव्हे. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स नावाचे डच इंजिनिअर होते. रीळांच्या टेपरेकॉर्डरची फीत हाताने ओवायची कटकट त्यांना नकोशी झाली होती. नवं यंत्र केवढं असावं हे ठरवण्यासाठी त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला. १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांपुढे आली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओतली फीत तेव्हा सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर धावायची. आवाज कोरायला कॅसेटला इतकी थोडी जागा, म्हणून तिच्यामागे सतत एक सूंऽऽ असायचं. ओटेन्सना त्याचं फारसं वाटलं नसावं, कारण हे यंत्र मुख्यतः पत्रं सांगायला, बैठकीची टिपणं घ्यायला होतं. त्या सूंऽऽची कुणाला चटक लागेल, असं १९६३ मध्ये कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

आयर्न मेडनची कॅसेट गेली लंडनच्या किंग्जबरी भागात. तिथे नील के नावाचा डिस्क जॉकी ‘बँडवॅगन हेवी मेटल साउंडहाउस’ चालवायचा. तिथल्या फर्माइशींवरून तो आवडत्या गाण्यांची क्रमवारी करायचा आणि ती ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात छापून यायची. या बँडचं ‘प्राऊलर’ त्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बाजारात रेकॉर्ड नाही, कंपनी नाही, दुकानात मागायला गेलं तर काही मिळणार नाही, आणि गाणं पहिल्या क्रमांकावर! लोक विचारू लागले तेव्हा बँडने त्यातली तीन गाणी तबकडीवर छापली. ‘द साउंडहाउस टेप्स’, नोव्हेंबर १९७९, पाच हजार प्रती, टपालाने. विकायची नसलेली वानगी इथे विकली गेली. नावातही ‘टेप्स’ हा शब्द त्यांनी राखला, तो मला मोठा सूचक वाटतो.

त्याच १९७९ मध्ये टीअ‍ॅक या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकाशेजारी एक नोंदवणारं, टेबलावर मावणारं यंत्र. आधी ढोल, मग गिटार, मग गळा असं घरबसल्या करता येऊ लागलं. दोन कप्प्यांचे टेपरेकॉर्डरही हळूहळू घरोघर आले. एका कप्प्यात भरलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी, दोन बटणं एकदम दाबायची. आपल्याकडे दुकानदाराला कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन ‘भरून’ घ्यायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याची गंमत वेगळी सांगायला नको. ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मात्र १९८१ मध्ये घरच्या टेपिंगमुळे संगीत मरतंय अशी मोहीमच काढली. तिचं बोधचिन्ह म्हणजे कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली आडवी-तिडवी हाडं. कवटी आणि हाडं हे मेटलवाल्यांचंच दैवत! त्यांना घाबरवायला याहून चुकीचं चित्र सापडलं नसतं.

तर ही पोरं काय करायची? आपल्याकडे काय काय आहे याची यादी टाइप करायची आणि फ्लोरिडातून नॉर्वेला, डेन्मार्कहून कॅलिफोर्नियाला पाठवायची. समोरच्याची यादी यायची. तू मला या दोन कॅसेट भरून दे, मी तुला त्या दोन देतो. पैशांचा व्यवहार कमीच. हातखर्च खायचं ते टपाल. मग तिकिटांवर गोंदाचा किंवा साबणाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे शिक्का त्या थरावर बसतो, पाण्यात बुडवला की धुऊन जातो. चिठ्ठीत शेवटी एक ओळ असायची, माझी तिकिटं परत पाठव. टपालखात्याच्या लेखी हा गुन्हा होता, पण एका अख्ख्या संगीतप्रकाराचा प्रवासखर्च त्यावर निघाला.

या देवघेवीतलं एक पोरगं लार्स उलरिक. डेन्मार्कमधून अमेरिकेत आलेला, ब्रिटिश बँडच्या कॅसेटी गोळा करण्याचं वेड असलेला. १९८१ च्या उन्हाळ्यात डायमंड हेड हा बँड ऐकायला तो लंडनला गेला आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला. परत येऊन त्याने स्वतःचा बँड काढला, मेटालिका. जुलै १९८२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात सात गाण्यांचा डेमो केला, ‘नो लाइफ टिल लेदर’. कॅसेट कशी पसरते हे लार्सला वेगळं शिकायचं नव्हतं. ती हातोहात गेली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत पोचली. तिथे जॉन झझुला हा गृहस्थ जुन्या बाजारातल्या गाळ्यात रेकॉर्ड विकत असे. त्याने कॅसेट ऐकली, बँडला बोलावून घेतलं. आल्बम काढायला दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा त्याने स्वतःचीच कंपनी काढली, मेगाफोर्स. जुलै १९८३ मध्ये ‘किल ’एम ऑल’ आला.

इथपर्यंत वानगी, सौदा, पीक असा सरळ हिशेब आहे. पण डेमोतल्या चौघांपैकी दोघे आल्बमवर नाहीत. बेस वाजवणारा रॉन मॅकगव्हनी गेला, त्याच्या जागी क्लिफ बर्टन आला. गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला एप्रिल १९८३ मध्ये काढून टाकलं, त्याच्या जागी कर्क हॅमेट आला. तो चौघांचा बँड पुरा ऐकायचा तर अशा कॅसेटींशिवाय ठिकाण नाही. २०१५ मध्ये मेटालिकाने ही कॅसेट पुन्हा काढली ती कॅसेट म्हणूनच, लार्सच्या हस्ताक्षरातल्या मूळ वेष्टनासकट.

सगळ्यांना झझुला भेटला नाही. स्वित्झर्लंडच्या एका खेड्यातल्या बंकरमध्ये, अणुयुद्धापासून बचावासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या खोलीत, टॉम फिशर आणि त्याचे सोबती हेलहॅमर या नावाने वाजवत. जेमतेम विशीतली पोरं, वाद्यांवर हात बसलेला नाही, राग मात्र भरपूर. १९८३ मध्ये त्यांनी तीन डेमो केले. समीक्षकांनी ते पायदळी तुडवले. मे १९८४ मध्ये फिशर आणि मार्टिन एन यांनी हेलहॅमर मोडून सेल्टिक फ्रॉस्ट उभारला आणि कित्येक वर्षं ते जुन्या नावापासून दूरच राहिले. त्यांना ती आपली कच्ची वही वाटत होती. तोवर तिच्या प्रतींच्या प्रती युरोपभर फिरून काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. नॉर्वे-स्वीडनमधल्या पोरांनी त्याच कच्च्या वहीवरून अक्षर गिरवलं. २००८ मध्ये, पंचवीस वर्षांनी, फिशर आणि एन यांनी स्वतः ते तिन्ही डेमो ‘डिमन एन्ट्रेल्स’ म्हणून अधिकृतपणे बाहेर काढले.

फ्लोरिडात चक शुल्डिनरचं उलट होतं. आल्टमाँट स्प्रिंग्जचा हा मुलगा १९८४ पासून, आधी मँटास आणि मग डेथ या नावाने, डेमोमागून डेमो पाठवत राहिला. ‘रेन ऑफ टेरर’, ‘इन्फर्नल डेथ’, ‘म्यूटिलेशन’. पहिला आल्बम १९८७ चा. म्हणजे तीन वर्षं हा माणूस फक्त टपालात राहत होता, आणि तरी डेथ मेटल नावाची गोष्ट त्या तीन वर्षांत आकाराला आली. कॅलिफोर्नियात पझेस्ड या बँडने १९८४ च्या आपल्या डेमोला नावच ‘डेथ मेटल’ दिलं होतं.

आता शोधणाऱ्यांकडे येतो. जुने डेमो हुडकणाऱ्यांच्या बोलण्यात ‘पिढी’ हा शब्द सारखा येतो. मास्टरवरून थेट उतरवलेली कॅसेट पहिल्या पिढीची, तिच्यावरून उतरवली ती दुसऱ्या. दर पिढीत आधीची खरखर तशीच येते आणि वर नवी बसते. झांजांची किनार बोथट होते, सहाव्या-सातव्या पिढीत गिटार म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस. त्यामुळे शोध असतो तो सर्वांत वडीलधाऱ्या प्रतीचा, ढोलवाल्याच्या आईकडे माळ्यावर असलेल्या खोक्याचा. हे काम आपल्याला अनोळखी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला तो याच कारणासाठी, नकलणाऱ्यांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या भर पडत गेली होती. फरक एवढाच की इथे नकलणारं यंत्र होतं आणि यंत्राच्या चुकाही नोंदवून ठेवणाऱ्या असतात.

त्या चुका वाचायची एक युक्ती मला फार आवडते. विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून ध्वनिमुद्रणात एक मंद गुणगुण शिरते. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, युरोपातली ५० वेळा. स्विस डेमोमधली गुणगुण मोजली आणि ती ५० ऐवजी ५२ भरली, तर प्रत चार टक्के जलद धावते आहे. हेलहॅमरसारखे बँड गिटारी मनाला येईल तशा खाली उतरवत, त्यामुळे सुरावरून वेग ओळखायला जागाच नसते, तिथे ही गुणगुण साक्षीला येते. एखाद्या कॅसेटमध्ये ६० आणि ५० अशा दोन्ही गुणगुणी सापडू शकतात. म्हणजे ती एका खंडात जन्मली आणि दुसऱ्या खंडात कुणाच्या तरी खोलीत नकलली गेली. कुळाची वंशावळ कॅसेटच सांगते, ऐकणाऱ्याला तेवढे कान हवेत.

बाकीचं काम कारागिराचं. फितीला हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी स्पंजची बारीक गादी निखळलेली असते, ती नवी बसवायची. हेडचा कोन मूळ यंत्राशी जुळेपर्यंत बारीक स्क्रू कणाकणाने फिरवायचा आणि झांजा उजळल्या की थांबायचं. हेड इअरबडला स्पिरिट लावून पुसायचं, हे आपल्यातल्या निम्म्यांना येतं. सैल फीत गुंडाळायला पेन्सिल तर हाताशी असतेच.

आणि मग एक पेच पडतो. एवढं करून खरखर काढून टाकायची का? संगणकावर ती पुष्कळशी पुसता येते. पण नॉर्वेत मेहेम या बँडने १९८६ मध्ये शंभरेक प्रतींचा डेमो काढला, तो ऐकत वाढलेल्या पोरांना तो खरखरीत, विहिरीतून आल्यासारखा आवाजच मेटलचा खरा आवाज वाटू लागला होता. डार्कथ्रोन या बँडने १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ केला तेव्हा त्यांच्याकडे कंपनी होती, चांगला स्टुडिओही मिळाला असता. त्यांनी चार आवाज नोंदवणाऱ्या फोर-ट्रॅक यंत्रावर घरच्या घरी आल्बम केला. पैशाअभावी आलेला दोष पुढच्या पिढीने आवड म्हणून उचलला. खरखर पुसली की यातलं काहीतरी जातंच. मला विचाराल तर वेग दुरुस्त करावा, खरखरीला हात लावू नये. ती त्या खोलीची हवा आहे. पण या मुद्द्यावर मेटलवाल्यांची भांडणं पाठभेदांवरच्या पंडितांच्या भांडणांपेक्षा कमी कडवट नसतात.

‘साउंडहाउस टेप्स’च्या तबकडीवर तीनच गाणी होती. चौथं, ‘स्ट्रेंज वर्ल्ड’, आवाज चांगला नाही म्हणून गाळलेलं. पुढे कंपनीने बँड घेतला, १९८० मध्ये तेच गाणं पहिल्या आल्बमसाठी नव्याने ध्वनिमुद्रित झालं, आणि जुन्याची गरज संपल्यासारखी वाटली. मग १९९६ मध्ये ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ नावाचा निवडक गाण्यांचा संच निघाला तेव्हा केंब्रिजमधलं ते जुनं ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ त्यांनी त्यात घातलं. मास्टर टेप १९७९ मध्येच पुसलेली. तेव्हा संचात वाजतं ते प्रतीवरचं आहे, गाळलं त्या वेळी होतं तेवढंच वाईट आवाजातलं.