एमा बोव्हारीची उधारी

जानेवारी १८५७. कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर पॅरिसच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभा होता. ‘मादाम बोव्हारी’ने सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान केला, असे सरकारपक्षाचे म्हणणे. सगळा रोख नायिकेच्या विवाहबाह्य संबंधांवर होता. फेब्रुवारीत फ्लोबेर निर्दोष सुटला. पण सरकारी वकिलांनी ज्या पानांकडे दुर्लक्ष केले ती हिशेबाची होती, आणि एमा मरते ती कर्जापायी.

एमा शेतकऱ्याची मुलगी, मठाच्या शाळेत शिकलेली. नवरा नॉर्मंडीतल्या खेड्यात वैद्यकी करणारा, तोही डॉक्टरची पूर्ण पदवी नसलेला. एका मार्क्वीच्या वाड्यावर ती नृत्यसमारंभाची एक रात्र अनुभवते. त्यानंतर ती पॅरिसचा नकाशा विकत घेते आणि घरबसल्या त्या रस्त्यांवरून बोट फिरवते. पुढे एका महिन्यात नुसती नखे उजळण्यासाठी तिने चौदा फ्रँकची लिंबे आणल्याची नोंद फ्लोबेर करतो. अशा तपशिलांत तो निर्दय आहे.

ही हौस हेरतो गावातला कापडवाला लरो. तो माल दाखवतो, पैशांची घाई नाही म्हणतो. मग वचनचिठ्ठ्या येतात. आपल्याकडच्या हुंडीशी परिचय असलेल्याला हा खेळ चटकन कळेल : मुदत संपली की नवी चिठ्ठी, तीत व्याज मिसळलेले, आणि जुनी चिठ्ठी तोवर तिसऱ्याच माणसाच्या हाती गेलेली. पतीच्या मालमत्तेचे मुखत्यारपत्र मिळवण्याची युक्तीही लरोच सुचवतो. अखेर हुकूम येतो : चोवीस तासांत आठ हजार फ्रँक भरा, नाहीतर जप्ती. जुना श्रीमंत प्रियकर तीन हजारसुद्धा देत नाही. एमा आर्सेनिक खाते.

१८८४ साली मोपासाँने हाच धागा ‘हार’ या कथेत उचलला. एका रात्रीच्या थाटासाठी मागून आणलेला हार हरवतो. कारकुनाचे कुटुंब तसाच दुसरा छत्तीस हजार फ्रँकांना घेऊन देते आणि दहा वर्षे कर्ज फेडते. मूळ हार खोटा होता, फार तर पाचशेचा. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या झोलाच्या ‘ओ बोनर दे दाम’मध्ये लरोची जागा पॅरिसच्या भव्य दुकानाने घेतलेली दिसते. ‘बाँ मार्शे’सारख्या दुकानांत जाऊन झोलाने टिपणे काढली होती. तिथे किमती ठरलेल्या, घासाघीस नाही, नापसंत माल परत घेतला जातो. मोह मात्र इतका, की कादंबरीतली एक काउंटेस लेस चोरताना पकडली जाते.

एमाच्या घराचे पुढे काय झाले, हे फ्लोबेर शेवटच्या पानावर काही ओळींतच उरकतो. नवरा मरतो, सारे विकले जाते, हाती उरतात बारा फ्रँक पंच्याहत्तर सांतीम. त्यातून लहानग्या बेर्तला आजीकडे पाठवतात. त्याच वर्षी आजीही जाते. मग एक गरीब आत्या तिला सांभाळते आणि पोटासाठी सूतगिरणीत कामाला धाडते.