चाळीस अश्वशक्ती आणि बोरघाट

मोटारीच्या सामर्थ्याची नोंद कारखान्याच्या दप्तरात एका आकड्याने होते. परंतु ती गाडी चालविणाऱ्यास सुख देते की क्लेश, याचा निवाडा रस्ता करतो, आणि तो निवाडा दप्तराशी जुळतोच असे नाही. मुंबईकर जिला शेवटपर्यंत ‘फियाट’ म्हणत राहिले, त्या प्रीमियर पद्मिनीच्या जवळजवळ अर्ध्या शतकाच्या कारकीर्दीत हा विसंवाद जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसऱ्या कोणत्याही देशी गाडीच्या इतिहासात क्वचितच दिसेल.

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या ऐसपैस गाड्या जुळविण्यास प्रारंभ झाला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन लहान गाड्यांचे पर्व सुरू झाले. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण ठरविले की, ज्यांची गाडी येथेच घडविण्याची तजवीज आहे त्यांनाच या धंद्यात राहण्याची मुभा असावी. आणि शिवडीस १९२८ पासून गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने आपले बस्तान आवरले. उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर, एवढ्या तीन ठिकाणांवर देशातील प्रवासी मोटारींचा बहुतेक भार येऊन पडला.

कुर्ल्यास आलेल्या फियाटच्या ‘अकराशे’ या गाडीचे इंजिन तेव्हाही नवे नव्हते. दांते जाकोसा या विख्यात इटालियन अभियंत्याच्या हातून उतरलेल्या १९३७ च्या गाडीत चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन प्रथम आले, तेव्हा त्याचे बळ सुमारे बत्तीस अश्वशक्तींचे होते. क्रमाक्रमाने सुधारणा होत ते चाळिसापर्यंत पोचले. १९६२ साली खुद्द इटलीत या मालिकेतील नव्या नमुन्यास १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. दोन वर्षांनी त्याच नमुन्याचा देह आपल्याकडे अवतरला, पण त्याच्या पोटात जुने १०८९ चेच इंजिन कायम राहिले. कारण नवी यंत्रसामग्री म्हणजे परकीय चलन, परकीय चलन म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे दिल्लीच्या दप्तरातील दीर्घ प्रतीक्षा, हा त्या काळाचा क्रम होता. सत्तरीच्या दशकात गाडीचे नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले. इंजिन मात्र मूळचेच राहिले.

असे असूनही ही गाडी मुंबईच्या रहदारीत चालकांना प्रिय झाली, याचे कारण त्या चाळीस अश्वशक्तींत शोधू गेल्यास सापडणार नाही. ते कमाल बळ मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर मिळे, आणि गिरगावच्या वा दादरच्या गर्दीत इंजिन इतके फिरविण्याचा प्रसंग टॅक्सीवाल्यावर सहसा येतच नसे. उपयोगी पडे ती सुमारे ३,००० फेऱ्यांवर कमाल होणारी ओढ, ज्यास अभियंते टॉर्क म्हणतात. मंद गतीतही ही ओढ बऱ्यापैकी टिकून राही, त्यामुळे सिग्नल सुटताच गाडी फार न गुरगुरता पुढे सरके. सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला चार गतींचा गिअर, पुढे तिघे बसू शकतील असे सलग आसन, गल्लीबोळांत वळेल असा आटोपशीर देह आणि नाक्यानाक्यावरील मिस्त्रीस डोळे मिटून उघडता येईल असे इंजिन, हे सारे गुण जमेस धरले म्हणजे, कलकत्त्याने दीड लिटरची अँबेसेडर पसंत केली असता मुंबईने फियाटलाच का कवटाळले, याचा उलगडा होतो.

परंतु हीच गाडी सामानसुमान आणि पाच माणसे घेऊन खोपोलीच्या पुढे लागली की तिची खरी परीक्षा सुरू होई. सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीत, १८३० साली, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तो बैलगाड्यांसाठी. सुमारे अर्धा किलोमीटर उंची थोड्या अंतरात चढणाऱ्या त्या वळणांवर नऊशे किलोंच्या आसपास वजनाची गाडी भरल्या पोटाने चढविणे, हे इंजिनापेक्षा चालकाचे कसब होते. गणिताने पाहता अशा चढावर संथ गतीने जाण्यास चाळिसांतील थोड्याच अश्वशक्ती पुरतात. अडचण निराळीच होती. तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिल्यास फेऱ्या घटत, ओढ मावळे आणि गाडी धापा टाकू लागे. दुसऱ्यात आणल्यास ओढ परत मिळे, पण गती मंद म्हणून रेडिएटरला वारा कमी, आणि इंजिनची उष्णता वाढतच जाई. जाणता चालक म्हणूनच गाडीचा जोर मोडण्यापूर्वीच गिअर उतरवी, अर्ध्या क्लचवर गाडी तोलण्याचा मोह टाळी, पाणी उकळले तर घाई न करता झाकण निवू देई, आणि तापलेल्या पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळी. घाटाची वाट इंग्रजांस दाखविणारा म्हणून आख्यायिकेत अमर झालेल्या शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकण्याचा चालकांचा परिपाठही या कसोटीशी सुसंगतच होता.

परवान्यांच्या या व्यवस्थेतील गुणदोषांचे माप लोकांच्या पदरी पडले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती देण्यात आली तेव्हा. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर तीनच, आणि अश्वशक्ती चाळिसाहून किंचित कमी. तरीही ती फियाटहून चपळ वाटली, कारण तिचे वजन सुमारे साडेसहाशे किलोच होते. हलक्या देहास थोडे बळही पुरते, हा साधा सिद्धांत तीन दशकांच्या मक्तेदारीने झाकून ठेवला होता. प्रीमियरने १९८५ साली निस्सान कंपनीचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन घालून ११८ एनई ही गाडी काढली खरी, परंतु बाजाराने आपला कौल आधीच दिला होता. पद्मिनी टॅक्सीच्या आश्रयाने तगली. मुंबईत टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली, आणि वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपताच २०२३ साली ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

म्हणून दप्तराचा अंमल संपला असे मात्र समजू नये. २००६ च्या अंदाजपत्रकाने चार मीटरांहून आखूड आणि पेट्रोलवर १२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या गाडीस उत्पादन शुल्कात सवलत दिली. गमतीची बाब अशी की, या व्याख्येत जुनी पद्मिनीही सहज बसली असती. लगोलग कारखानदारांनी आपली इंजिने त्या मर्यादेत आणण्याचा उद्योग आरंभिला. स्विफ्टचे १२९८ चे इंजिन २०१० साली ११९७ वर आले, आणि तरीही अश्वशक्ती जवळजवळ तितकीच राहिली. डिझायरची शेपूट तर चार मीटरांत मावावी म्हणून कापली गेली. लहान मोटारीचे सामर्थ्य आजही अंशतः अर्थखात्याच्या मोजपट्टीनेच ठरते. फरक इतकाच की, त्या मोजपट्टीची उणीव पूर्वी चालकास आपल्या डाव्या हाताने आणि डाव्या पायाने भरून काढावी लागे, आणि आता ते काम अभियंत्यांवर सोपविले गेले आहे.