तापणारा रेडिओ आणि वर्ध्याचे ऊन

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याआधी सोळाच दिवस, ३० जूनला, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरचा शोध जगाला जाहीर केला होता. बार्डीन आणि ब्रॅटन यांनी तो डिसेंबर १९४७ मध्येच करून दाखवला होता. पण वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या ज्या मोजक्या घरांत नागपूर केंद्र ऐकले जाई, तिथे रेडिओ होता तो व्हॉल्व्हचा, आणि पुढेही बरीच वर्षे तोच राहिला.

व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवताच बोलत नसे. काचेच्या निर्वात नळीतला तंतू आधी तापायचा, त्याच्यामुळे कॅथोड तापून इलेक्ट्रॉन सोडू लागायचा, मग आवाज. या तापण्यालाच वीज फार लागे. एका साध्या व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २ वॉट. आणि असे चार-पाच व्हॉल्व्ह! याउलट चार सेलवर, ६ व्होल्टवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर रेडिओ हळू आवाजात वीस-तीस मिलिअँपिअर घेतो. एका तंतूच्या शक्तीत असे दहाबारा रेडिओ चालतील. हा गुणाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. ज्या गावात तारा पोचल्या नव्हत्या तिथे रेडिओ कसा पोचला, याचे उत्तर त्यात आहे. बॅटरीवरचे व्हॉल्व्ह रेडिओही होते, पण त्यांना ९० व्होल्टची जड बॅटरी लागे. ती संपली की खर्च मोठा.

बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला १९६१ मध्ये सुरुवात केली आणि जर्मेनियमचे अर्धवाहक १९६२ मध्ये. जुने आणि नवे असे पाठोपाठ आले.

आता उन्हाचा भाग. सुरुवातीचे बहुतेक ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियममधला इलेक्ट्रॉन बंधातून सुटायला सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, सिलिकॉनमध्ये १.१ लागतात. फरक लहान दिसतो, परिणाम मोठा. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की जर्मेनियममधला गळतीचा प्रवाह दुपटीच्या घरात जातो. २५ अंशांचा हिशेब धरून बांधलेला रेडिओ वर्ध्याच्या मे महिन्यात ४५ अंशांत बसला की गळती चौपट. गळतीने ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी गळतो. म्हणून आवाजाच्या शेवटच्या टप्प्यात थर्मिस्टर बसवीत. उष्णता वाढली की तो प्रवाहाला आवर घाली. आमच्या मते या लहानशा भागाची दखल इतिहासात फारच कमी घेतली जाते.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९५४ मध्येच आणला होता. तो स्वस्त होऊन घरगुती वस्तूंत सर्रास आला तेव्हा उन्हाची ही अडचण बहुतांशी मिटली. निर्वात नळी मात्र घरातून पूर्ण गेली नाही: मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन त्याच कुळातला.

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत ओए-७९ सारखा जर्मेनियमचा काचेचा डायोड सापडतो. तो उलट्या दिशेने मायक्रोअॅमीटर आणि एका सेलला जोडावा, आणि मुलांना बोटांच्या चिमटीत धरायला सांगावा. काटा हळूहळू सरकतो. मग त्याच जागी सिलिकॉनचा डायोड लावावा. काटा जागचा हलत नाही.