पडद्यावरची सूज : प्रस्तावना

या पुस्तकातल्या आजारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. एका डोळ्यापुढे धुकं येतं, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होतो, खिडकीचे गज वाकडे दिसतात. दुसरा डोळा चांगला असला की अनेकांच्या हे लवकर लक्षातच येत नाही. मग तपासणीत पडद्यावर रक्ताचे ओघळ दिसतात आणि डॉक्टर सांगतात, पडद्याची शीर बुजली आहे.

ती बुजते कशी? पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींचं बाहेरचं आवरण सामाईक असतं. रक्तदाबाने कडक झालेली धमनी तिथे शिरेला दाबते, प्रवाह मंदावतो, गुठळी धरते. मुख्य शीर बुजली तर सगळाच पडदा सापडतो. मागे तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो. त्यात प्राणवायूला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि गळती आणखी वाढते. हा द्रव मॅक्युलात साठतो, म्हणजे नेमका ज्या भागाने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे. ओसीटी स्कॅनमध्ये मॅक्युलाच्या मध्यभागी एरवी छोटासा खळगा दिसतो. सूज आली की तिथे उंचवटा दिसतो आणि त्याच्या पोटात द्रवाच्या काळ्या पोकळ्या.

अमेरिकेतल्या एका बहुकेंद्री अभ्यासात मुख्य शीर बुजलेल्या रुग्णांवर लेझर करून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष १९९५ साली आले. सूज उतरली, नजर मात्र सुधारली नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने इथे थोडं थांबावं. सूज उतरली म्हणजे दिसू लागलं, असं गृहीत धरता येत नाही, आणि या शास्त्राची खरी परीक्षा वाचनाच्या तक्त्यावरच होते.

त्या परीक्षेत उतरलं ते इंजेक्शन. नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये व्हीईजीएफ वेगळं काढलं होतं. २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगावरचं, व्हीईजीएफला रोखणारं बेव्हासिझुमॅब अशा रुग्णाच्या डोळ्यात देऊन पाहिलं. २०१० मध्ये क्रूझ चाचणीचे निकाल आले. दरमहा रॅनिबिझुमॅब हे त्याच जातीचं औषध घेणाऱ्यांना सहा महिन्यांत तक्त्यावरची सरासरी १५ अक्षरं जास्त वाचता येऊ लागली. नुसतं इंजेक्शनचं सोंग केलेल्या गटाला एकही पुरतं अक्षर मिळालं नाही. पुढे त्या गटालाही औषध दिलं गेलं. त्यांची नजर सुधारली, पण वर्षअखेरीस ते पहिल्या गटाच्या बरेच मागे राहिले. उशिराची किंमत इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही.

डोळ्यात सुई म्हटलं की माणूस हबकतो, आणि त्यात वावगं काही नाही. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब घालतात, पोव्हिडोन आयोडिनने डोळा धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून बारीक सुईने औषध देतात. औषध असतं ०.०५ मिलिलिटर. सुई काही सेकंदच आत असते. क्वचित डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो. म्हणून नंतर दुखू लागलं, लाली वाढली किंवा नजर घटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

मात्र हे औषध बुजलेली शीर मोकळी करत नाही, ते गळती थोपवतं. असर ओसरला की सूज परत येऊ शकते. पहिल्या इंजेक्शननंतर छान दिसू लागलं म्हणून न फिरकणारे रुग्ण मला या आजाराइतकेच काळजीचे वाटतात. त्यामागे पुष्कळदा खर्चही असतो, म्हणून स्वस्त पडणाऱ्या बेव्हासिझुमॅबची चर्चा इथे सविस्तर केली आहे. २०१७ च्या स्कोअर-२ चाचणीत सहा महिन्यांपर्यंत ते अफ्लिबरसेप्ट या महागड्या औषधाच्या तोडीचं ठरलं. २०१९ च्या ब्रिटिश लीव्हो चाचणीत मात्र ते रॅनिबिझुमॅबपेक्षा उणं नाही, असं सिद्ध करता आलं नाही. दोन्ही निष्कर्ष रुग्णापुढे मोकळेपणी ठेवावेत आणि निर्णय त्याच्यासोबत घ्यावा, असं माझं मत आहे. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्तीही २०१५ पासून मिळते.

विद्यार्थ्यांनी पुस्तक क्रमाने वाचावं. ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालं आहे, त्यांनी इतिहास सोडून थेट उपचारांच्या प्रकरणाकडे वळावं, रुग्णाचा रक्तदाब आणि साखर याच आठवड्यात तपासून घ्यावी आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नये.