मँडरिन माशाचा निळा

मोराचं निळं पीस कुटलं, तर हाती काळपट तपकिरी भुकटी येते. पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. त्याच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. पिसांमधल्या अशा रंगांच्या उगमावर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये नीलपंख पक्ष्याच्या आधारे निबंध लिहिला होता. बहुतेक निळ्या माशांचंही असंच. त्यांच्या कातडीतल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून ही निळाई परावर्तित होते.

मँडरिन माशाचं कुळ वेगळं. जेमतेम बोटाएवढा हा मासा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याची वस्ती. अल्बर्ट हेर्रे या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने १९२७ मध्ये फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या निळ्याचं मूळ कळायला मात्र १९९५ उजाडलं. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांना त्याच्या कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी सापडल्या आणि त्यांत खरंखुरं निळं रंगद्रव्य भरलेलं होतं! या पेशींना त्यांनी सायनोफोर म्हटलं. रंगाचे कण पेशीच्या मध्याशी गोळा होतात किंवा फांद्यांमध्ये पसरतात, तसा रंग फिका-गडद होतो. त्याच्या ठिपकेदार भाऊबंदातही हेच आढळलं. प्राणिसृष्टीत निळं रंगद्रव्य इतकं विरळ आहे की मला हा शोध नव्या प्रजातीच्या शोधाहून मोठा वाटतो.

एवढा रंग मिरवणारा मासा राहतो मात्र उथळ खाजणांत, तुटक्या प्रवाळांच्या ढिगाऱ्यात. दिवसभर फटींतून सरपटत तो बारीक कवचधारी जीव टिपतो. अंगावर खवले नाहीत. कडू, उग्र वासाचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. सूर्य मावळताना माद्या जमतात, नराच्या परावर टेकून एकेक मादी त्याच्यासोबत हातभर वर तरंगते, अंडी पाण्यात सोडली जातात आणि जोडी झटकन खाली परतते.

माद्यांना मोठे नर पसंत, आणि काचेच्या टाक्यांच्या बाजारालाही तेच हवे असतात. पकडून आणलेले कित्येक मासे जिवंत भक्ष्याशिवाय काही खातच नाहीत आणि उपासमारीने मरतात. टाकीतच जन्मलेली पिल्लं आता विकत मिळतात. त्यांना लहानपणापासून तयार खाद्याची सवय लावलेली असते.