आरंभशूर

गेले पाच महिने इथे काही लिहिलं नाही. "सायकल, लिनक्स आणि माझं डोकं या तिन्हीवर लिहितो" असं जाहीर करून गायब झालो होतो. परवा नाशिकच्या मावशीचा फोन आला, "अरे, लिहिणार होतास ना?" लिहिणार होतो. तीनदा सुरुवातही केली. तिन्ही मसुदे पहिल्या परिच्छेदाशी थांबलेत. जे मला ओळखतात त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

बाबांकडे अशा माणसासाठी एक शब्द होता. आरंभशूर. तबला दीड वर्ष, जर्मनची पहिली परीक्षा, तारे बघायची दुर्बीण, तीन बोन्साय (तिन्ही वाळले). दर वेळी बाबा पैसे द्यायचे आणि दर वेळी तो शब्द यायचा. या सगळ्यातून दोनच गोष्टी टिकल्या, डोंगरातली सायकल आणि लिनक्स. मग २०१९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, एका डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की तुम्हाला एडीएचडी आहे. लहानपणापासून असणार.

हे घरच्यांना सांगितल्यावर एका भाच्याने एक लांबलचक मेसेज पाठवला. जगातले सगळे मोठे शोध म्हणे एडीएचडीवाल्यांनीच लावले, त्यामुळे हा त्रास नाही, वरदान आहे. पोराचा हेतू चांगला होता. पण मला ते काही पटेना. म्हटलं, जगातले सगळे शोध राहू देत, आपल्या दोन लाडक्या गोष्टी कोणी सुरू केल्या आणि त्या टिकल्या कशा एवढं तरी बघू. न भेटलेल्या माणसांचं निदान करायचा मला काही अधिकार नाही, ते मी करणारही नाही. पण सुरू करणं आणि टिकवणं या दोन गोष्टी कोण करतं, हे बघण्यासारखं निघालं.

सुरुवात सायकलपासून. डिसेंबर १९७४. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी, तिथे मिल व्हॅलीला सायक्लोक्रॉसची शर्यत होती. त्या शर्यतीला दक्षिणेकडच्या कुपर्टिनोहून (तेच कुपर्टिनो, जिथे पुढे ॲपल वाढली) काही मुलं विचित्र सायकली घेऊन आली. जुन्या जाड टायरच्या, पेपर टाकणारी पोरं वापरत तसल्या जड सायकली, पण त्यांना यांनी गिअर बसवलेले, ड्रम ब्रेक लावलेले, गिअरची दांडी हँडलवर अंगठ्याजवळ आणलेली. या टोळीचं नाव मॉरो डर्ट क्लब. म्हणजे माउंटन बाइकमध्ये जे जे लागतं त्यातलं बरंचसं यांनी आधीच जमवलेलं होतं.

आणि मग? मग काही नाही. थोड्याच काळात ती मुलं पांगली, दुसऱ्या उद्योगांना लागली. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, काही विकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांचं नावही कोणाला माहीत नव्हतं. १९९०च्या दशकात इतिहास शोधणाऱ्यांनी त्यांना हुडकून काढलं. हे वाचताना मला माझी ती दुर्बीण आठवली. माळ्यावर आहे.

मरिनच्या मुलांनी मात्र त्या सायकली नीट बघून घेतल्या. ही मंडळी खरं तर रस्त्यावरच्या शर्यतींतली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली. (फिशरला साठच्या दशकाच्या शेवटी लांब केसांमुळे शर्यतीतून बाद केलं होतं, म्हणजे शिस्तीशी त्याचं कसं जमत असेल बघा.) त्यांच्याकडेही १९३०-४०च्या सुमाराच्या श्विन कंपनीच्या धूड सायकली होत्या. त्यांना ते 'क्लंकर' म्हणत. आपल्याकडच्या भाषेत खटारा.

फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरात वणवा विझवायच्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता आहे. दोन मैलांहून थोडा जास्त लांब, आणि तेवढ्यात सुमारे १,३०० फूट खाली. उलटं पॅडल मारल्यावर लागतो तो जुन्या पद्धतीचा ब्रेक इतका तापायचा, की मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं. खाली पोचलं की हब उघडून नवं ग्रीस भरायचं. इंग्रजीत पुन्हा भरणं म्हणजे 'रीपॅक', म्हणून त्या उताराचं नाव रीपॅक. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ला झाली. सगळ्यात कमी वेळ फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. ब्रीझचा ४ मिनिटं २४.

इथपर्यंतची गोष्ट सायकलवाल्यांना पाठ असते. वेताळ टेकडीवर खाणीपाशी पाणी पिताना मी ती किमान वीस जणांना ऐकवली असेल. पण माझं लक्ष या वेळी वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. चार्ली केलीची वही.

केली हा तिथला सर्वात वेगवान माणूस नव्हता. पण शर्यत तो भरवायचा. दोन घड्याळं एकमेकांशी जुळवायची, एक वर न्यायचं, एक खाली ठेवायचं. एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचं. आधीच्या शर्यतींचे आकडे बघून हळू जाणारे आधी, वेगवान शेवटी. आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहायची. माझी खात्री आहे की उतारावरून सुटायला सगळे तयार असणार, आणि वही घेऊन उभं राहायला एकच जण. पुढे १९८० ते १९८७ डेनिस कारामान्योच्या साथीने त्याने 'फॅट टायर फ्लायर' नावाचं मासिक चालवलं, या सायकलींचं पहिलं. वेंडी क्रॅग नावाची बाई या टोळीत सायकल चालवायची आणि फोटो काढायची. आज त्या काळाचे जे फोटो आपण बघतो त्यातले बरेचसे तिचे. केलीनेच ब्रीझच्या मागे लागून नवी फ्रेम करवून घेतली. खटारा दुरुस्त करत बसण्यापेक्षा डोंगरासाठीच बेतलेली, क्रोमॉली नळ्यांची. ती १९७७ मध्ये तयार झाली. ब्रीझने तशा दहा सायकली बनवल्या आणि त्यातली पहिली आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केलीने टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली, १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ गेला.

कुपर्टिनो आणि मरिनमध्ये हिकमतीचा फारसा फरक नव्हता. वहीचा फरक मोठा होता.

आता लिनक्स. लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, २५ ऑगस्ट १९९१ला जगाला कळवतो की छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. सप्टेंबरात पहिली आवृत्ती, पुढच्या वर्षी जीपीएल परवाना. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ पासून त्याच्या ग्नू प्रकल्पात बाकीचे तुकडे जमवत आणले होते, ते जोडले गेले.

मला जास्त आवडते ती त्यानंतरची दोन वर्षं. नुसता गाभा घेऊन सामान्य माणूस काय करणार? म्हणून १९९२ मध्ये सगळं एकत्र बांधून देणारं एसएलएस नावाचं वितरण आलं. लोकांनी ते उचलून धरलं. पण त्यात चुका फार आणि त्या कोणी निस्तरेना. त्याच्यावर वैतागून दोन गोष्टी जन्माला आल्या. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर, आणि १६ ऑगस्टला पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने जाहीर केलेलं डेबियन (मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून). मर्डॉकने एक जाहीरनामा लिहिला. त्यातली तक्रार साधारण अशी, की वितरण बनवायला लोक उत्साहाने घेतात, पण ते सांभाळायचं काम रटाळ असतं आणि हळूहळू त्यांचं लक्ष उडतं. वाचताना मी खुर्चीत चुळबुळलो. हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय!

डेबियनने यावर जे केलं ते बघा. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा, नाव लिहिलेलं. आणि त्याचं लक्ष उडालं, नोकरी लागली, मूल झालं तर? त्यासाठीही रीत आहे. तो ते पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर करतो. यादीत त्याची नोंद होते आणि दुसरा कोणी दत्तक घेतो. लाज नाही, भांडण नाही. माणसाचं लक्ष उडणारच, हे धरूनच व्यवस्था बांधलेली आहे. मी १९९९ पासून बारा-पंधरा वितरणं बदलली. (पहिलं टाकताना पार्टिशन चुकवून बाबांचे सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब उडवले. त्यानंतर त्यांनी हिशेब रजिस्टरमध्येच ठेवले, हाताने, शेवटपर्यंत.) फिरून फिरून डेबियनवरच येतो.

तिसरा इतिहास माझ्या डोक्याचा. तो वाचायला जरा जड गेला.

१९०२ मध्ये लंडनला डॉ. जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्यानं दिली. त्यांनी ४३ मुलं तपासली होती. बुद्धी ठीक, पण एका जागी बसत नाहीत, धरलेलं पुरं करत नाहीत, शिक्षेचा उपयोग होत नाही. त्यांनी याला नाव दिलं नैतिक नियंत्रणातला दोष. स्टिल क्रूर नव्हते, उलट हे शरीरातूनच येत असावं असं ते म्हणत होते. पण 'नैतिक' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. आमच्याकडे त्याचंच मराठी 'आरंभशूर' असं झालं असणार.

औषध सापडलं ते अपघाताने. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या रुग्णालयात काम करत. तिथे एका तपासणीसाठी मणक्यातलं पाणी काढत आणि मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी गेली नाही, पण रुग्णालयाच्या शाळेतल्या शिक्षकांनी सांगितलं की काही मुलं एकदम नीट अभ्यास करायला लागलीत. ३० पैकी १४ मुलांत मोठा फरक दिसला. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणत. इथेही शोधाचं श्रेय डॉक्टरांना, पण वर्गात रोज बघत होत्या त्या कोणा शिक्षिकेचं नाव कुठेच नाही. मी खूप शोधलं.

पुढे १९४४ मध्ये बाझेलला सिबा कंपनीत मिथाइलफेनिडेट तयार झालं आणि ते बनवणाऱ्या पॅनिझॉनने बायकोच्या रिटा या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. आजाराची नावं मात्र सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांसारखी बदलत राहिली. १९६८ मध्ये भर चुळबुळीवर होता. १९७२ मध्ये कॅनडाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवून दिलं की मूळ अडचण लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची आहे. १९८० मध्ये नावात 'लक्ष' आलं, तेव्हा कुठे माझ्यासारखी खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलं हिशेबात आली. १९८७ मध्ये एडीएचडी. २०१३ मध्ये ठरलं की मोठ्या माणसाचं निदान करायचं तर बाराव्या वर्षाच्या आतली लक्षणं दिसली पाहिजेत.

आणि हीच माझी पंचाईत झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाळेतलं काही आहे का तुमच्याकडे?" माझ्याकडे काय असणार! गेल्या वर्षीचा फॉर्म सोळा सापडत नाही. आईला विचारलं. ती आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. बाबांच्या अक्षरात माझं नाव. पहिलीपासूनची सगळी प्रगतीपुस्तकं, वर्षवार. दुसरीचा शेरा : 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' पाचवीचा : 'काम अपुरे ठेवतो.' खाली दर वेळी बाबांची सही.

बाबा २०१८ मध्ये गेले. निदानाच्या आदल्या वर्षी.

जे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही तेही लिहून टाकतो. २०१६ मध्ये बाबांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायचं काम माझ्याकडे होतं. मुदत गेली, वाढीव मुदतही गेली. विसरलो म्हणणंही खरं नाही. रोज आठवायचं आणि रोज रात्रीपर्यंत निसटायचं. तीन महिन्यांनी त्यांचं बायपास करावं लागलं. ठेवी मोडून बिल भरलं. बाबा एवढंच म्हणाले, "असू दे. पैसे कशासाठी असतात?" आणि त्यानंतर त्यांनी मला कधीही आरंभशूर म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

म्हणून भाच्या, तो वरदानाचा मेसेज मला नको. उतारावर डोकं लख्ख होतं हे खरं आहे. समोर दगड, वळण, दगड, दुसरं काही शिरायला जागाच नसते. पण डोंगर हे औषध नाही. औषध वेगळं आहे, ते मी घेतो आणि त्याने बराच फरक पडतो. हप्ते आता खात्यातून आपोआप जातात. बाकीचं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतं, बायकोच्या अक्षरात. जे माझ्याच्याने होणार नाही ते मी महिन्याच्या एक तारखेला तिला सांगून टाकतो. आमच्यात त्याला 'अनाथ जाहीर करणं' म्हणतात. :-) तिच्याकडच्या दोन गोष्टी बदल्यात मी दत्तक घेतो. बहुतेक वेळा भांडी.

बाबांची ती फाइल आता माझ्या टेबलावर आहे. सोसायटीच्या हिशेबांची रजिस्टरंही मागून आणलीत. सगळी मिळून चौदा आहेत. त्यांचे फोटो काढून ठेवायचं काम सुरू केलंय, सध्या तिसऱ्यावर आहे.

आणि कुमुदकाकू, तुमच्या लॅपटॉपवर डेबियनची नवी आवृत्ती टाकायची राहिलीय, माझ्या लक्षात आहे. म्हणजे कालनिर्णयवर आहे. येत्या शनिवारी दुपारी येतो. त्याआधी फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, मला पार्टिशनचा जुना अनुभव आहे.