पोटातला पीळ

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे ऐकून खरं तर आनंद व्हायला हवा. पण वर्षानुवर्षं पोटात कळा येणारा माणूस ते ऐकून ओशाळतो. आता घरचे म्हणणार, "मनाचे खेळ आहेत सगळे!" या कळांवरच्या औषधांचा इतिहास वाचला आणि मला उलटंच वाटायला लागलं.

यातलं जुनं औषध म्हणजे चक्क विष. युरोपातली बेलाडोना आणि आपला धोत्रा, दोघं एकाच कुळातले (गंमत म्हणजे वांगं-बटाटाही त्यातलेच!). आतड्याच्या स्नायूंना "आवळा" असा जो निरोप जातो, तो यांतली द्रव्यं अडवतात. १८३० च्या दशकात जर्मनीत बेलाडोनातून अ‍ॅट्रोपिन वेगळं काढलं गेलं. पीळ सुटायचा, पण तोंडाला कोरड, नजर धूसर, लघवी अडलेली, आणि मात्रा चुकली की भ्रम. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतच ह्योसिनच्या रेणूत बदल करून बस्कोपॅन आलं. ते मेंदूत सहसा शिरत नाही, त्यामुळे भ्रमाची भीती कमी. डायसायक्लोमिन, मेबेव्हेरिन वगैरे मंडळीही आली.

पण रिपोर्टमध्ये न दिसणारा हा पीळ खरा असतो का? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. थॉमस आल्मी यांनी नळीतून एका विद्यार्थ्याचं आतडं बघता बघता कॅन्सर दिसल्याचं नाटक केलं. आतडं तिथल्या तिथे आवळलं! खोटं होतं म्हटल्यावर सैल पडलं. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि तेच बरं.) म्हणजे धक्का मनाला बसला, पण पीळ आतड्यालाच पडला.

२०१० साली हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. अशा ८० रुग्णांपैकी काहींना "यात औषध नाही" असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. त्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. गोळ्या न घेतलेल्यांत ३५ टक्क्यांना. काही जण यावरून म्हणतील, "बघा, मनाचंच होतं!" मला वाटतं, दुखणं मनातून सुरू झालं काय, मनाने कमी झालं काय, ते खोटं ठरत नाही.

वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पीळ सोडवणाऱ्या गोळीवर भागवू नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही आधी सांगावं. पण तपासण्या नीट होऊन डॉक्टर ही गोळी लिहून देतात, तेव्हा त्या चिठ्ठीचा एक अर्थ असाही असतो, की तुमचं दुखणं मला मान्य आहे. घरच्यांनी तेवढं म्हणायला तर चिठ्ठीही लागत नाही.